एकतीस नंबरच्या पेशी

थेसालोनिकी, १२ ऑक्टोबर २०१६

प्रिय स्मारो,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. पोस्टातली बाई पाकिटाकडे बघून म्हणाली, "पत्र? कोर्टाचं काम आहे का?" हल्ली पत्र म्हटलं की लोकांना कोर्टच आठवतं.

घेवडा उतरवून झाला असेल. तुम्ही आता निवडायला बसला असाल. इकडे पाऊस लागलाय आणि माझा गुडघा फार दुखतोय. जिना चढताना कठडा धरावा लागतो. म्हातारी झाले बघ.

सोबत एक कागद आहे. आमच्या प्रयोगशाळेत जुन्या फायली आवरायचं काम चाललंय, त्यात आर्गिरोच्या फायलीत पांडेलिसची सही आहे, तुझी राहून गेली. दुसऱ्या पानावर खाली पेन्सिलने फुली मारली आहे, तिथे सही कर आणि परत पाठव. वाचत बसू नकोस, नुसती सरकारी भाषा आहे. फेब्रुवारीपर्यंत कधीही चालेल, पण विसरू नकोस म्हणजे झालं.

आर्गिरोला जाऊन नोव्हेंबरात तीन वर्षं होतील. मी विसरलेले नाही. बाप्तिस्म्याला मीच तिला हातांत घेतलं होतं, मीच तिचं नाव मोठ्याने उच्चारलं होतं, मी कशी विसरेन? पांडेलिसला आणि सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी,
एव्हान्थिया


प्रेस्पा, २० ऑक्टोबर

एव्हान्थिया,

वाचत बसू नकोस असं लिहिलंस, म्हणून वाचलं. फ्लोरिनाला शाळेत असताना तीन वर्षं आपण एका खोलीत काढली. खोटं बोलायचं असलं की तू कुठलं तरी दुखणं काढतेस, हे मला माहीत नाही होय? तेव्हा पोट दुखायचं, आता गुडघा.

दुसऱ्या पानावर असं आहे: "नमुना क्रमांक ३१ पासून वाढवलेल्या जिवंत पेशी संशोधनासाठी पुढे वापरण्यास माझी संमती आहे." जिवंत. मी चार वेळा वाचलं. सासूबाईंना वाचता येत नाही, त्यांना दाखवायचा प्रश्नच नव्हता. पांडेलिस पोती उतरवत होता, त्याला विचारलं. म्हणाला, आठवत नाही. आणि ट्रॅक्टरखाली जाऊन पडला. ट्रॅक्टरला काहीही झालेलं नाही.

दुसरं म्हणजे बारा नोव्हेंबरला, शनिवारी, तिची हाडं थडग्यातून काढून पेटीत ठेवायची आहेत. तीन वर्षं झाली आणि आपलं स्मशान तुला माहीतच आहे, चार पावलं टाकली की संपतं. उन्हाळ्यात दोन म्हातारे गेले, त्यांनाच जागा मिळताना मारामार झाली. सासूबाईंनी हाडं धुवायला वाइन काढून ठेवली आहे, आमचीच, काळी. सुताराकडून पेटी आणली. लहान पेटी त्याच्याकडे नव्हती, मोठीच कापून लहान करून दिली. एका बाजूला जुनं रंगकाम दिसतं. असू दे.

तू नोना आहेस, तिची धर्ममाता. हाडं काढताना नोनाने असायचं असतं. सकाळी नऊला. मला रडू येत नाही, आधीच सांगून ठेवते. नाहीतर तू येऊन माझ्या तोंडाकडे बघत बसशील. मला काहीच होत नाही. जेवते, झोपते, दाणे निवडते, फुटका एका बाजूला, चांगला एका बाजूला.

जिवंत काय आहे ते लिही.

स्मारो


थेसालोनिकी, २९ ऑक्टोबर

स्मारो,

बरं बाई. गुडघा दुखत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी तू खोलीत तिच्या बुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होतीस. पांडेलिस बाहेर बोळात उभा होता. डॉक्टरांनी कागद पुढे केला, त्याने सही केली. एक ओळही वाचली नाही. त्याला बोल लावू नकोस, त्या दिवशी मृत्युपत्र पुढे केलं असतं तरी त्याने सही केली असती. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी बर्फाचा डबा घेऊन एक बाई उभी असते. त्या दिवशी पाळी दुसरीची होती, मी मागून घेतली. मूत्रपिंडावरची ती गाठ, संत्र्याएवढी, तिचा बोराएवढा तुकडा मी डब्यात घातला आणि धावत सुटले. ते माझं कामच आहे, हे तुला माहीत आहे. फक्त हे माहीत नव्हतं की तेव्हाही मीच होते.

त्यातल्या काही पेशी गोठवल्या, काही वाढवल्या. त्या अजून वाढताहेत. तेच जिवंत.

आम्ही काय बघतो ते तुला समजेल असं सांगते. प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराचं एक जाडजूड पाककृतींचं पुस्तक असतं. हवं त्या पानाची नक्कल उतरवून ती स्वयंपाकघरात पाठवतात आणि तिच्यावरून पदार्थ होतो. त्या नकलेला आरएनए म्हणतात. पण काही नकला लांबच लांब असतात, आणि त्यांच्यावरून पदार्थ म्हणून काही होत नाही. आमच्यातले मोठे मोठे लोक वर्षानुवर्षं त्यांना कचरा म्हणत आले. कचरा नाही तो. त्या पुस्तकापाशी उभ्या राहतात आणि हुकूम सोडतात: हे पान उघड, ते मीट, आता पुरे. आर्गिरोच्या त्या पेशींमध्ये अशी एक लांब नक्कल जवळजवळ गप्प आहे. त्या पेशी मज्जातंतू व्हायच्या होत्या, ती तुझ्या पोटात होती तेव्हाच. "आता पुरे, मोठ्या व्हा" असं त्यांना कुणी म्हटलंच नाही. त्या बाळच राहिल्या आणि नुसत्या वाढत गेल्या.

गेल्या वसंतात आम्ही ती गप्प नक्कल बाहेरून परत आत घातली. आठवड्यात वाढ मंदावली, मग थांबली. आणि त्यांना धागे फुटले, लांब, बारीक, खऱ्या मज्जातंतूंना असतात तसे. स्मारो, त्या मोठ्या झाल्या! मी सूक्ष्मदर्शकापाशी बसून रडले. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

आता खरं कारण. आमच्या समितीने नवा नियम केलाय: मुलांच्या नमुन्यांवर आई आणि बाप दोघांची सही हवी. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत सही आली नाही तर त्या नमुन्याचं सगळं, वाढवलेलं आणि गोठवलेलं, नष्ट करायचं. बाकी सगळ्यांच्या सह्या आल्या. एकतीसचीच राहिली आहे. आणि इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच नमुन्यात दिसत नाही.

हे आधी सांगायला हवं होतं. रोज म्हणायचे उद्या सांगेन.

बारा तारखेला मला परिषदेला जावं लागतंय, तिकीट आधीच काढलंय. फार वाईट वाटतंय.

एव्हान्थिया


प्रेस्पा, १४ नोव्हेंबर

एव्हान्थिया,

परिषद कशी झाली? जेवणखाण बरं होतं ना?

इकडचं सांगते. पाद्रीबुवांनी थोडक्यात आटपलं, थंडी फार होती. खणायला पांडेलिसचा चुलतभाऊ आणि त्याचा मेहुणा. फळी निघाली. मग दोघेही थांबले आणि माझ्याकडे न बघता पांडेलिसकडे बघायला लागले. ती तशीच होती. अगदी सगळी नाही, पण तशीच म्हणावी इतकी. मोजे होते. केस नव्हते, पण ते तेव्हाही नव्हते.

सासूबाई वाइनचं भांडं घेऊन उभ्या होत्या. धुवायला हाडंच नव्हती. त्यांनी ती वाइन परत बाटलीत ओतली, एक थेंब सांडला नाही. हात जराही हलला नाही त्यांचा. मी तेच बघत होते. मग फळी लावली, माती लोटली. आणखी दोन वर्षं, असं पाद्रीबुवा म्हणाले.

घरी येईपर्यंत गावभर झालं. माती तिला घेत नाही म्हणे. काहीतरी अडकलंय म्हणे. कुणीतरी तिला धरून ठेवलंय. आणि नोना आली नाही, बघितलंत ना? मोठ्या माणसाचं असं झालं की म्हणतात काही पाप राहिलं असेल. चार वर्षांच्या पोरीचं पाप काय असणार गं? शेजारच्या ओल्गाचं बिस्किट चोरून खाल्लं होतं दोनदा.

तुझं पत्र मी कुणाला दाखवलं नाही. पण मला कळलंय. तिचा तुकडा तुझ्याकडे जिवंत आहे, म्हणून ती इथे जात नाही. अर्धी तिकडे, अर्धी इकडे. तू आता शास्त्र सांगशील, सांग. तुझं शास्त्र तिच्या मोज्यांपुढे ठेवून बघ.

त्या पेशी मारून टाक. सही मी करणार नाही.

स्मारो


प्रेस्पा, २५ नोव्हेंबर

नमस्कार एव्हान्थिया,

मला पत्र लिहायची सवय नाही. थोडक्यात लिहितो.

सही मी केली. स्मारोला म्हणालो आठवत नाही. सगळं आठवतं. मला वाटलं सही केली तर तिला काही नवं औषध देतील. तसं कुणी म्हणालं नव्हतं, मलाच वाटलं. तुला डबा घेऊन जाताना मी पाहिलं होतं. तेही स्मारोला कधी बोललो नाही.

ती आता घेवड्याच्या खोलीत झोपते. जेवायला येते. भांडत नाही, ओरडत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दोघांच्या सहीऐवजी माझ्या दोन सह्या चालतील का? चालत असतील तर कागद माझ्या नावाने सहकारी सोसायटीच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

गाडीने घेवडा पाठवतोय, पाच किलो, मोठ्या दाण्याचा. स्मारोने निवडलेला आहे. कुणासाठी ते तिला सांगितलेलं नाही.

पांडेलिस


थेसालोनिकी, २ डिसेंबर

स्मारो,

परिषद नव्हती. बारा तारखेला मी प्रयोगशाळेत होते. नऊ वाजता घड्याळाकडे बघितलं आणि काचेच्या नळ्या धूत बसले, धुतलेल्याच परत. मी भ्याले. तुझ्यासमोर उभं राहायला भ्याले आणि ती पेटी बघायला भ्याले. मी नोना म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही.

आता शास्त्र. तू टोमणा मारलास तरी सांगणार, कारण ते तुझ्या बाजूचं आहे. तिला आठ महिने जी औषधं दिली ती इतकी जहरी होती की त्यांचा अंश अंगात राहतो. इथल्या मोठ्या स्मशानात खणणाऱ्यांना विचारलं मी, मुद्दाम जाऊन विचारलं. ते म्हणाले, खूप औषधं घेतलेली माणसं लवकर विरत नाहीत, आम्ही रोज बघतो, आधीच ओळखतो. त्यात तुमची तळ्याकाठची ओली चिकणमाती, आत हवा जात नाही. पांडेलिसने शवपेटीला आतून पत्रा लावून घेतला होता, आठवतं? पाणी जाऊ नये म्हणून. पाप नाही, शाप नाही, कुणी धरून ठेवलेलं नाही. माझ्या बाटलीतल्या पेशी उद्या मेल्या तरी तुमच्या मातीत काडीचा फरक पडणार नाही. कशावर हात ठेवून सांगू? सांगशील त्याच्यावर ठेवते.

आणि तुला काही करायचीच गरज नाही. सही केली नाहीस की अठ्ठावीस फेब्रुवारीला त्या जातील. मी स्वतः ब्लीच ओतेन, दुसऱ्याला हात लावू देणार नाही.

वॉर्डात सध्या दोन मुलं आहेत, तोच आजार. या पेशींमुळे ती वाचतील असं लिहिलं तर तू सही करशील, हे मला माहीत आहे. पण ते खरं नाही. नाही वाचणार. दहा-पंधरा वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या कामी येईल, कदाचित. एवढंच मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

आणि एक लिहून टाकते. मला त्या मरायला नको आहेत. शास्त्रासाठी नाही. मलाच नको आहेत.

एव्हान्थिया

पांडेलिसला सांग, दोन सह्या चालणार नाहीत. घेवडा मिळाला. त्याने तुला सांगितलं नसेल तर मी सांगितलं असं समज. तुमच्या घरात आता एक तरी गोष्ट उघड्यावर येऊ दे.


प्रेस्पा, ९ जानेवारी २०१७

एव्हान्थिया,

बर्फामुळे दहा दिवस गाडी नव्हती. नाताळ झाला, नवं वर्ष झालं. सासूबाईंनी नव्या वर्षाचा, आत नाणं घातलेला केक कापला, नाण्याचा तुकडा पांडेलिसला आला. वर्षभर नशीब चांगलं म्हणे. तो ते नाणं ताटातच ठेवून उठला.

मला काही विचारायचंय. त्या काय खातात? गरम लागतं की थंड? त्यांना दुखतं का? अंधारात असतात की उजेडात? तुझ्याकडच्या लोकांना शनिवार-रविवार सुट्टी असते ना, मग तेव्हा त्यांना कोण बघतं? बाटलीवर काय लिहिलंय?

सही करणार नाही हे कायम आहे. नुसतं विचारते.

स्मारो


थेसालोनिकी, १६ जानेवारी

स्मारो,

विचारलंस, बरं वाटलं. सगळं सांगते.

त्या आडव्या, चपट्या बाटलीत तळाला चिकटून असतात. वर गुलाबी पाणी असतं, त्यात साखर, क्षार आणि वासराच्या रक्तातून काढलेला द्रव. तेच त्यांचं खाणं. दोन-तीन दिवसांनी जुनं ओतून ताजं घालायचं, नाहीतर पाणी पिवळं पडतं आणि त्या कोमेजतात. कपाट सदतीस अंशांवर असतं, म्हणजे अंगाच्या उबेइतकं. आत अंधार असतो. दुखत नाही, दुखायला जे लागतं ते त्यांच्यात नाही, याची मला खात्री आहे.

रविवारी मी जाते. इतर मुलींची पोरंबाळं आहेत, मला काय काम? सकाळी इमारतीत कुणी नसतं. पाणी आधी हातांनी कोमट करून घेते, म्हणजे एकदम गार लागायला नको. ईस्टरलाही गेले होते, तिन्ही वर्षं. कधी कधी बोलतेही. वेड लागलं म्हणशील.

बाटलीवर तारीख आणि ३१ लिहायचं असतं. मी खाली कोपऱ्यात तिच्या नावाचं पहिलं अक्षर घालते, बारीक. नियमात बसत नाही. कुणी अजून विचारलेलं नाही.

एव्हान्थिया


प्रेस्पा, २२ जानेवारी

म्हणजे तीन वर्षं दर रविवारी तू तिला भरवत होतीस.

आणि मी काय करत होते, सांगू? दर रविवारी चर्चमधून निघून स्मशानात जात होते, दिव्यात तेल घालत होते, दगड पुसत होते आणि परत येत होते. दगड पुसायचं मला कोण कौतुक! एक पान पडलेलं दिसलं तर आठवडाभर वाईट वाटायचं. आणि तू तिकडे पाणी कोमट करून घेतेस. तिच्याशी बोलतेस. तिला काय सांगतेस गं? तिची आई कुठे आहे ते सांगतेस का? मी तिला जन्म दिला, आठ महिने तिच्या उलट्या पुसल्या, शेवटी तिला उचललं तेव्हा ती रिकाम्या पिशवीसारखी हलकी झाली होती, आणि जे काही उरलं ते तुझ्याकडे उबेत! मला एक शब्द नाही. तुला एकदाही वाटलं नाही, की स्मारोला बोलवावं, एक रविवार तिला द्यावा?

राग आलाय मला. अक्षर बघ, कागद फाटेल इतकं दाबून लिहितेय. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी आलंय. सासूबाई म्हणाल्या, तुझ्या तोंडावर रंग आलाय, ताप तर नाही ना?

मी येते. नऊ फेब्रुवारीला, गुरुवारी. फ्लोरिनाहून सकाळची गाडी, म्हणजे अकराला पोचेन. मला त्या बघायच्या आहेत. मिठीबिठी मारू नकोस. जेवण करू नकोस. नुसतं दाखव.

स्मारो


थेसालोनिकी, १० फेब्रुवारी

स्मारो,

तू पोचलीस का? फोन उचलत नाहीस.

मला काहीच कळलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आधी मी तुला ज्यांना काही घातलेलं नाही त्या पेशी दाखवल्या, मग धागे फुटलेल्या. पहिल्यांवर तू फार वेळ होतीस. दुसऱ्यांवर जेमतेम डोळा लावलास. मी मागे उभी होते. मला वाटलं तू रडशील, मला वाटलं बाटली उचलून आपटशील, त्याचीही माझी तयारी होती. तू मागे झालीस, पांढरा कोट काढलास, घडी घालून खुर्चीवर ठेवलास आणि म्हणालीस, "दोनची गाडी मिळेल का?" बस.

काही तरी बोल. शिवी दे. अठरा दिवस राहिलेत. ब्लीचची बाटली मी माझ्या टेबलाखाली आणून ठेवली आहे. तू म्हणशील तसं करेन. आज म्हणालीस तर आज.

एव्हान्थिया


प्रेस्पा, १३ फेब्रुवारी

एव्हान्थिया,

सही केलेला कागद सोबत आहे. फुलीपाशीच केली आहे.

आता ऐक. तुझ्याकडे येताना मी तिची लोकरीची टोपी पर्समध्ये घातली होती. कशाला, ते विचारू नकोस, बाटलीला घालणार होते की काय कोण जाणे. गाडीत तीन तास मनात एकच: आता ती दिसेल. कशी दिसेल ते माहीत नव्हतं, पण दिसली की ओळखेन असं वाटत होतं.

आणि ओळखलंच. तू दाखवल्यास त्या पहिल्या, गोल गोल, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, ढिगाच्या ढीग. उन्हाळ्यात घेवड्याचं पान उलटं केलं की खाली किडीची अंडी असतात ना, तशाच. मी बघत राहिले. वाटलं, इथे कुठेतरी असेल. मग कळलं, अगं, ही आर्गिरो नाही. ही ती गाठ आहे. हिनेच तिला खाल्लं. आणि तू तिच्यासाठी पाणी कोमट करतेस. तीन वर्षं रविवारी जाऊन त्या सटवीला भरवतेस, तिच्याशी गप्पा मारतेस, तिच्या बाटलीवर माझ्या पोरीचं अक्षर घालतेस! तू एवढी शिकलेली, तुला दिसलं नाही कसं? पण तुला तरी काय बोलू? मी नाही का तीन आठवडे तुझ्यावर जळत बसले? तू भरवतेस आणि मला भरवायला मिळत नाही, म्हणून. एका गाठीवरून.

म्हणून सही केली. मारू नकोस. मारलीस तर ती सुटली. तिला ठेव. काय काय करता येतं ते सगळं तिच्यावर कर, ती लांब नक्कल घाल, काढ, परत घाल, तिला वाढायची बंदी कर, धागे फोड. दहा वर्षं लागू देत नाही तर वीस. पण तो कोपऱ्यातला, तिच्या नावाचा अल्फा आजच्या आज पूस. आणि रविवारी तू जाऊ नकोस. असं कुणी पाठव की ज्याला ती म्हणजे नुसता एकतीस नंबर आहे.

मातीचं सासूबाईंना सांगितलं, औषधांमुळे आणि पत्र्यामुळे. मग म्हणाल्या, "मग गावाला कोण सांगणार?" आणि शाल घेऊन स्वतःच निघाल्या. संध्याकाळपर्यंत सगळी घरं झाली. पांडेलिसला पत्रा आपण लावला याचं फार लागलंय. मी त्याला म्हटलं, तू नसता लावलास तर मी लावायला सांगितलं असतं. घेवड्याच्या खोलीतून मी घरात आले, तिकडे थंडी फार.

येत्या शनिवारी, अठराला, मेलेल्यांचा शनिवार. मी तिच्या नावाने गहू शिजवणार आहे. चर्चमध्ये गेलेल्यांची नावं वाचतील तेव्हा नोनाने मागे उभं राहायचं असतं आणि या वेळी परिषद चालणार नाही.

एक सांगायचं राहिलं. जोवर ती तुझ्याकडे आहे असं वाटत होतं, तोवर तुझा राग होता आणि त्या रागावर सकाळी उठता येत होतं. परत येताना गाडी फ्लोरिनाच्या अलीकडे आली आणि माझ्या डोक्यात शिरलं, की ती तुझ्याकडे नाही. इथे फळीखाली जे पाहिलं, तेही ती नाही. ती कुठेच नाही, एव्हान्थिया. गाडीत मी मोठ्याने रडले, पुढच्या बाकावरच्या माणसाने वळून पाणी दिलं. घरी आल्यावर हे कुणाला सांगितलं नाही, त्यांना वाटतं ती स्मशानात आहे आणि दोन वर्षांनी आपण तिला काढू. ती कुठेच नाही हे तुला आणि मलाच माहीत आहे, म्हणून तू ये.

स्मारो